अ‍ॅजिटेटरचं कूळ आणि आपली भिंत

पोलीस आपल्याला 'चिथावणीखोर' म्हणतात. इंग्रजी पेपरवाले 'अ‍ॅजिटेटर'. शिवीच ती. पण ह्या शब्दाचं कूळ तपासलं तर कळतं, शिवी फार नंतर झाली.

लॅटिनमध्ये अ‍ॅजिटेटर म्हणजे जनावरं हाकणारा, रथ हाकणारा. गुराखी म्हणा, गाडीवान म्हणा. राजकारणात तो आला १६४७ साली, इंग्लंडात. राजाला हरवलेल्या फौजेचा पगार पार्लमेंटनं थकवला, वर फौज मोडून काहींना आयर्लंडला धाडायचा बेत केला. तेव्हा साध्या शिपायांनी रेजिमेंटवार आपली माणसं निवडली. त्यांना म्हणायचे अ‍ॅजिटेटर. म्हणजे आपल्या वतीनं काम चालवणारा. भडकवणारा नव्हे, निवडलेला! एडवर्ड सेक्सबी त्यातलाच. ऑक्टोबरात पटनीच्या चर्चमध्ये त्यानं क्रॉमवेल-आयर्टनसमोर सवाल टाकला: जीव धोक्यात घातला आम्ही, मग मालमत्ता नाही म्हणून हक्क नाही? आयर्टनचं म्हणणं, ज्याची जमीनजुमल्यात कायमची मुळं, मत त्याचं. (आपल्या गावचे पाटील वेगळं काय बोलत होते?) १५ नोव्हेंबरला वेअरजवळ शिपायांचं बंड मोडलं, रिचर्ड अर्नोल्डला गोळी घातली. अ‍ॅजिटेटर संपले. शब्द मात्र मालकलोकांच्या तोंडात जाऊन नासला.

१८८० नंतर लंडनच्या समाजवाद्यांनी तो धुऊन घेतला. सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशनच्या सभासद-कार्डावर छापलं: एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज. बाबासाहेबांनी १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेला हेच ब्रीद दिलं, १९४२ ला नागपुरात पुन्हा हेच सांगितलं. क्रमसुद्धा हाच.

आणि आपल्या भिंतीवर काय? शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. मधला शब्द उचलून शेवटी ढकलला, त्याचा संघर्ष केला. माझं भांडण इथं आहे. संघर्ष दुसऱ्याशी करायचा असतो. अ‍ॅजिटेट आधी आपल्याच वस्तीत करायचं. निजलेलं मन ढवळायचं, शिकलेल्याला अस्वस्थ करायचं. काही जण 'चेतवा' म्हणतात, ते मला जवळचं वाटतं. न चेतलेल्यांची संघटना मी पाहिलीय. पावतीबुक, हार, स्टेजवर खुर्चीसाठी मारामारी. सेक्सबीला शिपायांनी निवडलं ते चेतल्यावर. आपल्याकडं नेता आधी ठरतो, माणसं मागाहून ट्रकात भरतात.

येत्या १४ एप्रिलला भिंत रंगवाल तेव्हा क्रम बाबासाहेबांचा लिहा. जागा पुरली नाही तर खालची पुढाऱ्यांची नावं पुसा.