गाणाऱ्या इतिहासाची साक्ष

मंडळी, संगीत नाटकातून इतिहास शिकवावा का, या प्रश्नाला आपण 'घाशीराम कोतवाल'पासूनच भिडू. विजय तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. पहिला प्रयोग पुण्यात, १९७२ साली.

इतिहासातली घटना चार ओळींत सांगता येते. घाशीराम १७७७ मध्ये पुण्याचा कोतवाल झाला. १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळलं आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. पाठ्यपुस्तक इथे थांबतं. नाटक काय करतं बघा! रंगमंचावर माणसांची एक भिंत उभी राहते. ती गाते, डोलते, हवं तेव्हा उघडते आणि नको ते झाकते. कीर्तनातून लावणी निघते, लावणीतून पुन्हा हरिनाम. अत्याचार चालू असताना समाज किती तालात राहू शकतो, हे कुठल्या कागदावरून शिकवणार? इथे नाटकाला पर्याय नाही, असं आम्हाला वाटतं.

पण अडचणही संगीतातच आहे. इतिहासकार 'बहुधा' म्हणतो, 'पुरावा अपुरा' म्हणतो. चालीत 'बहुधा' बसत नाही. कान संमती आधी देतो, बुद्धी शंका नंतर काढते. आणि वर्गात तास संपतो तोवर शंकेची पाळी आलेलीच नसते! मग कोतवालीसाठी मुलीचा सौदा करणारा बाप आणि तो पटवणारा नाना, हेच पोरांच्या डोक्यात 'पेशवाई' म्हणून बसतं. खुद्द तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नव्हे असं सांगितलं होतं. पण गाणं लक्षात राहतं, प्रस्तावना नाही.

गंमत अशी, की नानांची बदनामी झाली म्हणून नाटकाला विरोध करणारे आणि नाटक पाहून नानांना ओळखलं असं समजणारे, दोघांची चूक तत्त्वतः एकच. दोघंही रूपकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतात. एक म्हणतो साक्ष खोटी, दुसरा म्हणतो खरी. मुळात ती साक्षच नाही.

म्हणून आपण शिक्षकांना इतकंच सुचवू: नाटक जरूर दाखवा, पण पुढचा तास मोकळा ठेवा. मुलांना विचारा, यातलं समकालीन कागदांत काय सापडतं? जे सापडत नाही, त्याची नाटककाराला गरज का पडली? आणि ती भिंत आज कोणाकोणाची आहे? पहिला प्रश्न इतिहासाचा, दुसरा कलेचा, तिसरा नीतीचा. तिन्ही विचारले नाहीत, तर ती नुसती करमणूक. तिलाही आमची हरकत नाही. फक्त तिला इतिहासाचा तास म्हणू नये.