'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे केव्हा?

मोठा पूर येऊन गेला, की वर्तमानपत्रांत एक वाक्य हमखास वाचायला मिळते : असा पाऊस शंभर वर्षांतून एकदाच पडतो. कोणी अभियंता ते बोललेला असतो, कोणी अधिकारी त्याचा पुनरुच्चार करतो आणि वाचणाऱ्याला हायसे वाटते. चला, आपल्या हयातीत तरी सुटलो! शाळेत संभाव्यता शिकवताना आपण नाणी आणि फासे यांच्यापुढे फारसे जात नाही. त्यामुळे हे वाक्य तपासून पाहायची सवय विद्यार्थ्यांना लागत नाही. तपासले तर त्यात दोन दोष सापडतात. पहिला दोष ऐकणाऱ्याच्या समजुतीत आहे. दुसरा वाक्याच्या पायातच आहे.

पहिला दोष सोपा आहे. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ कोणत्याही एका वर्षी असा पूर येण्याची संभाव्यता शंभरात एक आहे, एवढाच. गेल्या वर्षी पूर आला होता की नाही, हे पावसाच्या लक्षात राहत नाही. शंभर चिंचोके घ्या, त्यांतला एक रंगवा आणि सगळे पिशवीत टाका. न पाहता एक चिंचोका काढायचा, नोंद करायची, परत टाकायचा. असे तीस वेळा केले, की एका पुलाच्या आयुष्यातली तीस वर्षे झाली. चाळीस जणांच्या वर्गात प्रत्येकाने हा प्रयोग केला, तर साधारण दहा जणांच्या हाती रंगीत चिंचोका निदान एकदा येईल. गणिताने उत्तर येते २६ टक्के. शंभर वर्षे धरली तर ६३ टक्के. म्हणजे 'शंभर वर्षांतून एकदा' येणारा पूर शंभर वर्षांत येईलच असे नाही. आणि तीस वर्षांत येणार नाही असे तर मुळीच नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. वरच्या प्रयोगात आपण न बोलता एक गोष्ट धरून चाललो : पिशवीत कोणी हात घालून चिंचोके बदलत नाही. पूल, धरणांचे सांडवे, शहरांची गटारे यांची आखणी याच गृहीतकावर होते. मागच्या पन्नास-साठ वर्षांच्या पावसाच्या नोंदी घ्यायच्या आणि पुढची वर्षेही तशीच जातील असे समजायचे. २००८ साली मिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात स्पष्ट बजावले, की जलव्यवस्थापनाला हे गृहीतक यापुढे वापरता येणार नाही. पिशवीत दुसरा रंगीत चिंचोका टाकून प्रयोग पुन्हा करा. तीस वर्षांतली संभाव्यता २६ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर जाते. पूल तोच, त्याच्यावरची पाटीही तीच. जोखीम मात्र दुप्पट होत आली.

हा दुसरा चिंचोका टाकतो कोण? एक उत्तर हवामानाचे आहे. हवेचे तापमान एक अंशाने वाढले, की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प सामावू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

पण एवढ्यावर थांबणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. पूर्वी दैवाला दोष देत, आता हवामानबदलाला दिला जातो. मुंबईचे उदाहरण पाहू. शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून आखल्या होत्या. त्यांतला निम्मा जमिनीत मुरेल आणि समुद्राला ओहोटी असेल, अशीही गृहीतके होती. हिशोब वर्गात करता येईल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस मीटरच्या मैदानावर तासाभरात २५ हजार लिटर पडते आणि गटारात येते साडेबारा हजार. त्याच मैदानावर फरशी घाला. पाऊस एका थेंबानेही वाढलेला नाही, पण गटारात येणारे पाणी जवळजवळ दुप्पट झाले. या बाबतीत चिंचोका आकाशाने टाकलेला नसून आपणच टाकलेला आहे.

हे कोणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. १९९३ सालच्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरावा आणि तो सगळाच वाहून येतो असे समजावे, अशी शिफारस केली होती. आपल्या मैदानापुरते बोलायचे तर साडेबारा हजारांच्या जागी पन्नास हजार लिटर, म्हणजे चौपट. बारा वर्षांनी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्यातली बरीचशी कामे कागदावरच होती. त्या दुपारी भरतीही होती आणि शहरातल्या गटारांची बहुतेक मुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर पाऊस झाला. शेकडो माणसे गेली.

इथे टीका करणाऱ्यानेही सावध राहावे. ५० मिलिमीटरची गटारे तयार असती, तर तो दिवस टळला असता का? नाही. त्या दुपारी पावसाचा जोर एका तासात १९० मिलिमीटरच्या आसपास गेला होता. मग १९० ची गटारे बांधायची? ती बांधायला पैसा नाही, जागाही नाही, आणि उद्याचा आकडा २१० निघाला तर? एक मोठा आकडा निवडून निश्चिंत होणे ही जुनीच चूक आहे, फक्त अधिक महाग. (पाणी लवकर ओसरले असते आणि लहान पुरांचा त्रास पुष्कळ कमी झाला असता, हेही मान्य करायला हवे.)

यातून निघण्याची एक वाट लंडनमध्ये पाहायला मिळते. १९५३ च्या समुद्री पुरानंतर टेम्स नदीवर पोलादी दरवाजांचा बांध उभारला गेला. त्याचे औपचारिक उद्घाटन १९८४ साली झाले. २०१२ साली तेथील पर्यावरण खात्याने शंभर वर्षांची योजना जाहीर केली. तिचे वैशिष्ट्य असे, की तिने एकच आकडा धरला नाही. समुद्राची पातळी आणि इतर काही खुणा सतत मोजायच्या, ठराविक वर्षांनी योजना तपासायची, आणि माप अमुक रेषेपर्यंत गेले की कोणते काम हाती घ्यायचे हे आधीच लिहून ठेवायचे. बांधाच्या वरच्या अंगाला नदीकाठच्या भिंती २०६५ पर्यंत उंच करायचे ठरले होते. २०२३ च्या फेरतपासणीत ही मुदत २०५० वर आणण्यात आली. मुदत पंधरा वर्षे अलीकडे आली आणि ती बुडण्याची वाट न पाहता आली.

लंडन श्रीमंत आहे, आपल्याला हे कसे परवडणार, असा आक्षेप कोणी घेईल. पोलादी दरवाजे परवडणार नाहीत, हे खरे. पण गृहीतक लिहून ठेवणे, मोजत राहणे आणि तपासणीची तारीख पाळणे, यांना वही, पर्जन्यमापक आणि शिस्त एवढेच लागते. मुंबई महापालिकेने २००५ नंतर शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, ही त्या दिशेची चांगली सुरुवात होती. मोजमापाचे निर्णयात रूपांतर कोणत्या आकड्यावर करायचे, हे आधी ठरलेले नसेल तर मात्र ते मोजमाप पंचनाम्याच्याच कामी येते.

आपल्या शाळेच्या वाटेवर एखादी मोरी किंवा लहान पूल असेलच. विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जा आणि चार प्रश्न लिहून आणायला सांगा. ही मोरी कोणत्या वर्षी बांधली? किती पाऊस धरून? त्यानंतर वरच्या बाजूला काय बदलले : झाडी तुटली, प्लॉट पडले, रस्ता डांबरी झाला? आणि ती पुन्हा कधी तपासली जाणार आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे ग्रामपंचायतीतून, बांधकाम खात्यातून किंवा गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून थोडीफार मिळतील. चौथ्याचे उत्तर मिळाले नाही, तर तो प्रश्न ग्रामसभेत विचारण्याजोगा आहे. याच मोरीवरून पावसाळ्यात मुले शाळेत येतात.