‘तोनो मोनोगातारी’: जपानी लोककथांचे चित्ररूप

लोककथेस चित्ररूप देणे वाटते तितके सोपे नव्हे. कथेतील भूत जोवर शब्दांत असते, तोवर प्रत्येक श्रोता ते आपापल्या भयाप्रमाणे घडवितो; चित्रात उतरताच त्यास एकच एक चेहरा मिळतो आणि भय निम्मे ओसरते. जपानी चित्रकार शिगेरू मिझुकी (१९२२–२०१५) ह्यांनी ‘तोनो मोनोगातारी’ ह्या चित्रकादंबरीत ही अडचण कशी सोडविली, हे पाहण्याजोगे आहे. तिचा झॅक डेव्हिसनकृत इंग्रजी अनुवाद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

मूळ ग्रंथ कुनिओ यानागिता ह्यांचा. उत्तर जपानातील तोनो येथील किझेन सासाकी ह्या तरुणाने सांगितलेल्या कथा त्यांनी १९१० साली ११९ छोट्या प्रकरणांत ग्रथित केल्या. एका कथेत, घरास बरकत देणाऱ्या दोन पिशाच-बालिका एका श्रीमंत घरातून निघून जाताना गावकऱ्यास दिसतात. पुढे लवकरच विषारी अळंबी खाऊन ते वीसएक माणसांचे कुटुंब एका दिवसात नष्ट होते. खेळण्याच्या नादात जेवावयास न आलेली सात वर्षांची मुलगी तेवढी उरते. ‘घरची लक्ष्मी गेली’ असे म्हणणाऱ्या आमच्या वाचकांस ह्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

यानागिता हे सारे मोजक्या, निर्विकार शब्दांत सांगतात. परंतु गाव कोणते, घर कोणाचे, हे विसरत नाहीत. इतरत्र ‘कप्पा’ ह्या जलपिशाचाचे तोंड हिरवे, तोनोत मात्र लाल, एवढा भेदही ते नोंदवितात. मिझुकींनी नेमके हेच मर्म ओळखले. त्यांची माणसे व्यंगचित्रातल्यासारखी, थोडक्या रेषांची. मागचे डोंगर, झाडे, छपरे मात्र अत्यंत बारकाईने रेखाटलेली. त्यामुळे भूत हास्यास्पद दिसले तरी ते जेथे उभे आहे ती जागा खरी वाटते, आणि भय त्या जागेत टिकून राहते. चित्रकार स्वतःही पात्र होऊन कथांतून हिंडतो. ही लुडबूड क्वचित रसभंग करते, एवढा दोष सांगितलाच पाहिजे.

चाकणला आज जपानी टायरचा कारखाना आहे. जपानी कथेतील हा धडा मात्र आम्ही अद्याप घेतलेला नाही. आसरांचा डोह, वेताळाचा माळ, बांधावरचा म्हसोबा ह्यांच्या कथा आमच्याही आजीबाईंच्या तोंडी होत्या. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, आणि पुढे उद्योगांची वस्ती चाकणपर्यंत पसरली. शेतांचे भूखंड झाले, भूखंडांस क्रमांक मिळाले. उद्योगाने अन्न दिले, हे आम्ही नाकारीत नाही; पण क्रमांकाच्या जागेत वेताळ राहात नाही. ‘एका गावात’ एवढ्याच पत्त्यावर उरलेली कथा मिझुकींसारख्या चित्रकारासही जिवंत करता येणार नाही.

डोहांची नावे जाणणारी पिढी अद्याप हयात आहे. तिच्याजवळ बसून, गावाच्या नावानिशी लिहून घेणारा यानागिता आधी हवा. चित्रकार मागाहून मिळेल. मूळ ‘तोनो मोनोगातारी’च्या अवघ्या ३५० प्रती निघाल्या होत्या. मिझुकींस शतकानंतर तेवढे भांडवल पुरले.