अधिकार, कृपा आणि विश्वास : पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनातील तारणविचार

प्रस्तावना :

ख्रिस्ती धर्मविचारात कृपा, विश्वास आणि तारण या तीन संकल्पनांचा परस्परसंबंध हा केंद्रवर्ती प्रश्न मानला जातो. मनुष्याचे तारण ईश्वराच्या कृपेने होते, याविषयी ख्रिस्ती परंपरेतील सर्व प्रमुख शाखांत एकवाक्यता आहे. मतभेद सुरू होतो तो त्या कृपेचा स्वीकार मनुष्य कसा करतो, त्या स्वीकारात त्याच्या स्वतःच्या कृतीला काही स्थान आहे काय आणि संस्कार व सत्कर्म यांचे मूल्य कोणते, या प्रश्नांपाशी. मराठी ख्रिस्ती साहित्यात या प्रश्नाची मांडणी सिद्धान्ताच्या अंगाने फारशी झालेली नाही; ती प्रामुख्याने पुराण, भजन आणि आत्मनिवेदन या वाङ्मयप्रकारांतून झाली. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी १९०७ मध्ये ‘ए टेस्टिमनी’ या नावाने इंग्रजीतून लिहिलेली साक्ष हा या दृष्टीने महत्त्वाचा दस्तऐवज होय. रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा आजवर मुख्यतः सामाजिक सुधारणा, स्त्रीप्रश्न आणि वसाहतवाद या संदर्भांत झाली आहे. मीरा कोसंबी, उमा चक्रवर्ती आणि गौरी विश्वनाथन यांच्या अभ्यासांनी त्या चर्चेला भक्कम पाया दिला. तथापि रमाबाईंनी स्वतः ज्या प्रश्नाला आपल्या जीवनाचा मुख्य प्रश्न मानले, तो तारणाचा प्रश्न, या चर्चेत बहुधा पार्श्वभूमीलाच राहतो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाच्या अनुरोधाने रमाबाईंच्या आत्मनिवेदनाचा विचार केला आहे.

कृपा आणि विश्वास : सैद्धान्तिक पार्श्वभूमी

नव्या करारातील पौलाच्या पत्रांत, विशेषतः रोमकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत, तारण हे ईश्वराचे दान असून ते विश्वासाच्या द्वारे प्राप्त होते, कर्माने मिळवता येत नाही, असे प्रतिपादन आहे. याउलट याकोबाचे पत्र कर्माविना असलेला विश्वास निर्जीव ठरवते. ही दोन विधाने परस्परविरोधी आहेत असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु दोघांचा रोख भिन्न आहे. पौल कर्माच्या बळावर हक्क सांगणाऱ्याला उद्देशून बोलतो, तर याकोब केवळ शब्दांनी विश्वास सांगणाऱ्याला उद्देशून. पौलाच्या दृष्टीने सत्कर्म हे तारणाचे मूल्य नव्हे, फळ आहे.

पाचव्या शतकात पेलागियस आणि ऑगस्टिन यांच्यातील वादात हा प्रश्न अधिक टोकदार झाला. मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने पापमुक्त जीवन जगू शकतो, ही पेलागियसप्रणीत भूमिका ४१८ च्या कार्थेज येथील धर्मपरिषदेने नाकारली. ५२९ च्या ऑरेंज येथील परिषदेने तर विश्वासाचा प्रारंभदेखील कृपेनेच होतो, असे ठरवले. हा निर्णय मर्मग्राही आहे. विश्वास ही मनुष्याची स्वतंत्र कमाई मानली, तर तीही एक प्रकारचे कर्मच ठरते आणि कृपेचे निर्हेतुकत्व नष्ट होते. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने केवळ विश्वासाने नीतिमान ठरण्याचा सिद्धान्त मांडला. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये कृपेचे अग्रस्थान मान्य करून, त्या कृपेला मनुष्याने द्यावयाचा प्रतिसाद आणि संस्कारांचे महत्त्व यांवर भर दिला. हा वाद चार शतकांहून अधिक काळ चालला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या, तेव्हा मूलभूत सत्यांविषयी सहमती व्यक्त झाली.

या पार्श्वभूमीवर मराठीतील ‘तारण’ हा शब्द लक्षणीय ठरतो. व्यवहारात तारण म्हणजे कर्जदाराने सावकाराकडे ठेवलेली वस्तू. दागिना वा जमीन तारण ठेवल्याशिवाय कर्ज मिळत नाही. ख्रिस्ती धर्मपरिभाषेत मात्र या शब्दाचा अर्थ तारले जाणे असा आहे आणि ज्याला तारावयाचे त्याच्यापाशी गहाण ठेवण्याजोगे काहीच नाही, हे तेथे गृहीत आहे. एकाच शब्दातील या दोन अर्थांमधले अंतर म्हणजेच कर्म आणि कृपा यांमधले अंतर होय.

अधिकाराचा प्रश्न

रमाबाईंच्या साक्षीचे वेगळेपण येथून सुरू होते. युरोपातील वाद मनुष्याचे कर्म तारणाला पुरेसे आहे काय, या प्रश्नाभोवती फिरतो. रमाबाईंपुढे त्याआधीचा प्रश्न होता. तो म्हणजे तारणासाठी कर्म करण्याचा अधिकार तरी कोणाला आहे?

अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व कन्येला संस्कृत विद्या दिली. हे कुटुंब तीर्थयात्रा आणि पुराणकथन करीत देशभर फिरले. व्रते, दाने, स्नाने यांत जवळची सर्व पुंजी संपली आणि १८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंनी आईवडिलांचा मृत्यू पाहिला. १८७८ मध्ये कलकत्त्यास त्यांच्या पांडित्याचा गौरव झाला. तेथे केशवचंद्र सेन यांनी वेदाध्ययनाविषयी पृच्छा केली असता, स्त्रियांना तो अधिकार नाही, असेच त्यांचे उत्तर होते. पुढे धर्मशास्त्राच्या अध्ययनातून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, इतर बाबतीत परस्परांशी विसंगत असणारे ग्रंथ दोन गोष्टींवर एकमत आहेत : स्त्री स्वभावतःच दूषित आहे आणि पुरुषाप्रमाणे तिला मोक्षाचा मार्ग खुला नाही, पतिसेवा हीच तिची गती.

म्हणजे रमाबाईंच्या अनुभवात कर्ममार्ग दोन पातळ्यांवर निष्फळ ठरला. ज्यांना अधिकार होता, त्या पित्याचे सर्व पुण्यकर्म त्याला अन्नही मिळवून देऊ शकले नाही. आणि कन्येला, विद्या असूनही, तो अधिकारच नव्हता. कृपेच्या सिद्धान्ताचे त्यांना वाटलेले आकर्षण या दुहेरी अनुभवातून समजून घ्यावे लागते. कृपा म्हणजे जी अधिकार पाहून दिली जात नाही ती. ल्यूथरला कृपेने अपुरेपणाच्या भयातून सोडवले, तर रमाबाईंना अनधिकाराच्या निवाड्यातून. सिद्धान्त एकच असला, तरी ज्या बंधनातून तो सोडवतो ते भिन्न आहे. मराठी ख्रिस्ती विचारात रमाबाईंनी घातलेली मौलिक भर ती हीच.

१८८३ आणि १८९१ : दोन क्षणांचा पेच

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. १९०७ च्या साक्षीत मात्र त्या नमूद करतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला असला, तरी ख्रिस्त सापडलेला नाही. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचून ही जाणीव तीव्र झाली. तोवरच्या निष्ठेला त्या बुद्धीने दिलेली मान्यता समजतात आणि पुढील अनुभवाला हृदयाने केलेला स्वीकार.

येथे एक खरा पेच उभा राहतो. वाँटेजच्या भगिनीसंघाची धारणा अँग्लिकन चर्चमधील संस्कारप्रधान प्रवाहाची होती. तिच्यानुसार बाप्तिस्मा हे कृपेचे साधन आहे. म्हणून कृपा १८८३ मध्येच प्राप्त झाली होती. सुवार्तावादी धारणेनुसार मात्र व्यक्तीने जाणीवपूर्वक विश्वास ठेवला तोच तारणाचा क्षण. म्हणून १८९१ च्या सुमाराचा अनुभव निर्णायक. रमाबाईंनी दुसरी बाजू स्वीकारली. त्यांच्या कथनाची घडण जॉन वेस्लीच्या अनुभवाशी जुळणारी आहे. वेस्लीही धर्मोपदेशक म्हणून दीक्षित झाल्यानंतर अनेक वर्षांनी, १७३८ मध्ये, विश्वासाची खात्री आपल्याला प्रथमच लाभली असे सांगतो.

परंतु समीक्षकाने हे कथन जसेच्या तसे स्वीकारणे उचित नाही. साक्ष हा एक रूढ वाङ्मयप्रकार असून ‘पूर्वीचा अंधार, नंतरचा प्रकाश’ हा त्याचा संकेत आहे. शिवाय १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात झालेल्या धार्मिक जागृतीनंतर हे लेखन झाले. त्यामुळे १९०७ मधील रमाबाई १८८३ मधील रमाबाईंचा निवाडा करीत आहेत. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला पत्रव्यवहार यासंदर्भात मोलाचा आहे. बाप्तिस्म्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार आणि सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य यांविषयी निर्भीडपणे वाद घालतात. धर्मशास्त्री पुरोहिताचा अधिकार नाकारून आलेली स्त्री नव्या पुरोहितवर्गाचा अधिकार मान्य करावयास तयार नव्हती. ही पत्रे केवळ बौद्धिक मान्यतेची साक्ष देत नाहीत. त्यांत विश्वासाची धडपड आहे. ऑरेंजच्या परिषदेच्या दृष्टीने पाहिल्यास ही धडपडदेखील कृपेचेच कार्य ठरते. रमाबाईंनी स्वतःच्या पूर्वायुष्याला जेवढे रिक्त मानले, तेवढे ते नव्हते, असे म्हणावयास त्यांच्याच पत्रांचा आधार आहे.

कृपेचे फळ : कर्माचे पुनरागमन

रमाबाईंचे मन ख्रिस्ती धर्माकडे प्रथम वळले ते सिद्धान्तामुळे नव्हे. लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. या कार्यामागील प्रेरणा विचारली असता त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. फादर नेहेम्या गोरे यांच्या लेखनाने बौद्धिक समाधान केले ते त्यानंतर. अर्थात कृपेवरील विश्वासाकडे त्या पोचल्या त्या दुसऱ्यांच्या सत्कर्माच्या वाटेने. कर्म तारण मिळवून देत नाही. परंतु कृपा आहे याची खूण इतरांस पटते ती कर्मातूनच. याकोबाच्या पत्रातील आशय येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.

रमाबाईंचे पुढील कार्यही याच सूत्रात बसते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदासदन, १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार स्त्रियांसाठी उभे राहिलेले केडगावचे मुक्तिसदन आणि सामान्य स्त्रियांना समजावे म्हणून साध्या मराठीत केलेले, १९२४ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेले बायबलचे भाषांतर ही त्यांच्या दृष्टीने पुण्यसंचयाची साधने नव्हती. दुष्काळात मातापिता गमावलेल्या कन्येने दुष्काळातील मुलींसाठी घर उघडले आणि त्याला ‘मुक्ती’ हे नाव दिले. जो शब्द शास्त्राने स्त्रीला नाकारला, तोच त्यांनी आश्रयस्थानाच्या दारावर लिहिला, हे विशेष अर्थपूर्ण आहे.

मर्यादा

या तारणविचाराच्या दोन मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. पहिली तुलनेची. रमाबाईंचा रोख धर्मशास्त्र, पुराणश्रवण, तीर्थयात्रा आणि वेदान्त यांवर आहे. वारकरी परंपरेत कृपेला जे स्थान आहे, स्वतःच्या अपात्रतेची जी तीव्र जाणीव तुकोबांच्या वाणीत आहे, तिचा सविस्तर विचार त्यांच्या साक्षीत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांना मात्र तुकोबांच्या मार्गानेच आपण ख्रिस्ताकडे आलो असे वाटत होते. टिळकांपाशी भक्तिमार्गाचा पूल होता. रमाबाईंनी अनुभवली ती दरी. हा फरक केवळ स्वभावाचा नाही. त्यांचे घर पुराणिकाचे होते आणि अधिकाराची भिंत त्यांनी विद्येच्या प्रांगणात राहूनच पाहिली होती. तरीही ‘हिंदू मार्ग म्हणजे कर्ममार्ग’ हे समीकरण अपुरे आहे, हे मान्य करावे लागते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. कृपा सर्वांना विनाअट असेल आणि तिचा लाभ मात्र विशिष्ट विश्वास ठेवणाऱ्यालाच होत असेल, तर विश्वास हाच नवा अधिकार ठरत नाही काय? हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या कारणाने १८९३ मध्ये न्या. म. गो. रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आश्रय देणारी व्यक्ती आणि आश्रय घेणारी मुलगी यांच्यात समानता नसते. अशा ठिकाणी विश्वासाचे निमंत्रण आणि विश्वासाचा दबाव यांतील सीमारेषा पुसट होते. आपण कोणावरही सक्ती करीत नाही, मात्र स्वतःची श्रद्धा लपवणारही नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. ती प्रामाणिक होती. परंतु तिने प्रश्न संपत नाही. कृपेचे निर्हेतुकत्व खऱ्या अर्थाने टिकावयाचे, तर आश्रय हा विश्वासाच्या उत्तरावर अवलंबून असता कामा नये. फुलहॅममधील ज्या सेवेने रमाबाईंना जिंकले, तिचे सामर्थ्य त्यांना त्या स्त्रियांविषयीच्या निरपेक्ष ममतेतच दिसले होते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात. ख्रिस्ती तारणविचारात कृपा हे मूळ, विश्वास हा स्वीकार आणि सत्कर्म हे फळ असा क्रम आहे. रमाबाईंनी हा क्रम स्वीकारला, पण त्यातील कृपेचा अर्थ अधिकारभेदाच्या निरसनाशी जोडून त्याला मराठी समाजवास्तवाचा संदर्भ दिला. त्यांच्या साक्षीतील १८८३ व १८९१ हे दोन टप्पे संस्कारप्रधान आणि अनुभवप्रधान अशा दोन ख्रिस्ती धारणांचा संघर्ष दर्शवतात आणि त्यांचा अर्थ पत्रव्यवहाराच्या साहाय्यानेच लावणे इष्ट ठरते. विश्वास हा नवा अधिकार बनू नये, ही अट त्यांच्या विचारातून निष्पन्न होते, जरी त्यांनी ती शब्दांत मांडली नसली. ज्या स्त्रीला मोक्षाच्या दारातून परत पाठवले गेले, तिने उघडलेल्या दाराची कसोटीही तेथे कोणालाही पात्रता विचारली जात नाही, हीच असली पाहिजे. रमाबाईंच्या कार्याचे मूल्यमापन सामाजिक निकषांइतकेच या धर्मशास्त्रीय निकषावरही होणे अगत्याचे आहे.