शोधयंत्राचे पेटंट आणि ‘सामान्य बुद्धी’ची कसोटी : एका निकालाची चिकित्सा

एखादी क्लृप्ती सर्वांच्या हाती आल्यानंतर ती कोणालाही सुचली असती, असे म्हणणे सोपे असते. पेटंट कायद्यातील स्वयंस्पष्टतेच्या कसोटीपुढील खरी अडचण हीच आहे. अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये ‘आय/पी इंजिन विरुद्ध एओएल’ या खटल्यात दिलेला निकाल या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

वादातील दोन पेटंटे अँड्र्यू लँग व डोनाल्ड कोसाक यांची होती. शोधातून हाती आलेल्या मजकुराची चाळणी करताना तो शोधशब्दांशी किती जुळतो आणि इतर वापरकर्त्यांना किती उपयुक्त वाटला, या दोन्ही गोष्टी एकत्रित विचारात घेणे, हा दाव्याचा गाभा. व्हर्जिनियातील ज्यूरीने २०१२ मध्ये पेटंटे वैध ठरवून गूगल व इतर प्रतिवादींवर सुमारे ३ कोटी डॉलरची भरपाई लादली. अपिलात दोन विरुद्ध एक मताने ती रद्द झाली.

बहुमताचा आधार भक्कम वाटतो. कलिस यांच्या पेटंटात शब्दनिहाय गुणांकन वाचकांच्या निवडीनुसार बदलत होते. बोमन यांच्या पेटंटात निवडीची वारंवारता व शोधशब्दांची जुळणी यांवरून क्रम लागत होता. एकदा क्रमवारी लागली की तळाचा भाग वगळणे, म्हणजेच चाळणी, हे फारसे दूरचे पाऊल नव्हे. शिवाय दोन्ही प्रकारच्या चाळण्या आधीच ज्ञात असल्याचे खुद्द पेटंटाच्या विवरणातच नमूद होते.

मात्र एक दुवा निसटता राहतो. एमआयटीतील १९९५ च्या ‘वेबहाउंड’ प्रबंधात दोन्ही चाळण्यांचा संयोग होता, पण तो वाचकाच्या आवडीच्या नोंदीवर बेतलेला होता, त्याने विचारलेल्या प्रश्नावर नव्हे. मूळ प्रश्न चाळणीच्या टप्प्यापर्यंत हाती ठेवावा, हे कशावरून उघड होते? बहुमताने त्याचे उत्तर सामान्य बुद्धीवर सोपविले. कपाटापाशी पोहोचताच ग्रंथपालाला वाचकाच्या मागणीचा विसर पडेल असे कोणी मानणार नाही, हे खरेच. परंतु पेटंटाच्या प्रश्नात ग्रंथपालाची नव्हे, १९९८ मधील जाणकार तंत्रज्ञाची बुद्धी मोजावयाची असते, आणि तिला पुरावा लागतो.

न्यायमूर्ती चेन यांचे भिन्नमत नेमके येथेच बोट ठेवते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या ‘केएसआर’ निकालाने सामान्य बुद्धीला वाव दिला. तथापि संयोगामागील कारणमीमांसा स्पष्ट मांडण्याची अटही त्याच निकालात आहे. दावा आणि पूर्वज्ञात साहित्य यांत फरक असल्याचे ज्यूरीने नोंदविले असता, तो फरक कारण न देता ओलांडणे ही पश्चात्बुद्धीच होय. न्यायमूर्ती मेयर यांनी सहमतीच्या स्वतंत्र निकालपत्रात पेटंटाला अमूर्त कल्पना म्हणून बाद केले. त्यामुळे मूळ प्रश्न सुटला नाही, फक्त बगल मिळाली.

निष्कर्ष कदाचित बरोबर असेल. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पुनर्विचार नाकारल्याने त्यामागील तर्क मात्र तपासलाच गेला नाही.