गुहाचित्रांतील खुणा आणि त्यांचें वाचन

प्राचीन मानव काय खात होता व कशानें शिकार करीत होता, हें अस्थि व हत्यारें यांवरून कळतें. पण तो मोजीत कसा होता व कोणत्या खुणेचा काय संकेत मानीत होता, हें ठरविणें फार बिकट. या विषयाकडे विशेष लक्ष देणारें नियतकालिक म्हणजे 'केंब्रिज आर्किऑलॉजिकल जर्नल' होय. तें १९९१ सालीं सुरू झालें. वादग्रस्त लेखाबरोबरच इतर विद्वानांचे अभिप्राय वेळोवेळीं छापण्याची त्याची चाल आम्हांस स्तुत्य वाटते. १९९८ सालीं निकोलस हम्फ्री यांचा गुहाचित्रांवरील लेख असाच निघाला होता.

प्रस्तुत परीक्षणाचा विषय या पत्रांत २०२३ सालीं प्रसिद्ध झालेला बेनेट बेकन व त्यांचे पांच सहकारी यांचा लेख हा आहे. फ्रान्स, स्पेन इत्यादि देशांतील हिमयुगीन गुहांत घोडा, रानबैल, हरिण वगैरे पशूंच्या चित्रांशेजारीं रेघा व ठिपके आढळतात. लेखकांचें म्हणणें असें कीं, ही चांद्रमासांची गणना होय. वसंतऋतूपासून तितक्या महिन्यांनीं त्या पशूचा समागमकाल येतो, आणि रोमन 'वाय' अक्षरासारखी दुबेळकी खूण ओळींत ज्या स्थानीं असेल त्या महिन्यांत त्याची वीण होते. हें खरें ठरल्यास निदान वीस हजार वर्षांपूर्वीं मनुष्य कालाची नोंद ठेवीत होता असें मानावें लागेल.

बेकन हे व्यवसायानें जुन्या लांकडी सामानाचे जीर्णोद्धारक; विद्यापीठांतले पंडित नव्हेत. सहकाऱ्यांत मात्र डरहॅम विद्यापीठाचे अध्यापक आहेत. हौशी संशोधकाचा लेख अशा प्रतिष्ठित पत्रानें स्वीकारावा, ही आपल्यासारख्या दप्तरें धुंडाळणाऱ्यांस आनंदाची गोष्ट होय. आणि म्हणूनच त्याची परीक्षा कडक हवी.

'छ १० रमजान' इतकाच काल असलेलें व सुहूर सन नसलेलें पत्र आपणांपैकीं बहुतेकांच्या हातीं आलें असेल. तें आपण मजकुरावरून एखाद्या सालीं बसवितों. पण पुढें त्याच सालाच्या आधारें मजकुराचा अर्थ लावूं लागलों, तर अन्योन्याश्रय दोष घडतो. गुहेच्या भिंतीवर वर्षारंभ कोठेंही लिहिलेला नाहीं. तो वाचणारानें गृहीत धरला आहे. पशूंच्या विण्याचे महिनेही हल्लींच्या पशूंवरून घेतले आहेत. लेखकांनीं आकडेशास्त्रानें मेळ तपासला आहे, तेव्हां त्यांचा तर्क सर्वस्वी दुष्ट म्हणतां येत नाहीं. पण मग सर्व भार संग्रहाच्या शुद्धतेवर पडतो.

आणि तेथेंच लेख लंगडा पडतो. संग्रह पूर्वीं छापलेल्या प्रतिमांवरून केलेला आहे. नकलेवरून नक्कल करतांना कानामात्रा कशी गळते, हें पोथ्या पाहणाऱ्यांस सांगणें नको. ठिपका कोणता, दगडाचा डाग कोणता, आणि रेघ त्या चित्राचीच कीं मागाहून दुसऱ्या कोणीं ओढलेली, हें मूळ भिंतीशीं उभें राहिल्यावांचून ठरत नाहीं. अलेक्झांडर मार्शक हेही मूळचे पत्रकारच. १९७२ च्या ग्रंथांत त्यांनींही चंद्रगणनेचा पक्ष मांडला, व त्यावरही पुष्कळ आक्षेप आले. परंतु ते मूळ अस्थिखंड सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून बोलत होते, हा भेद लक्षांत ठेवावा.

पुढें याच पत्रानें एप्रिल नोवेल, पॉल बान व ज्याँ-लोईक ल केलेक यांनीं केलेली या पक्षाची प्रतिकूल परीक्षाही छापली. आपण छापलेल्या मताचें खंडन आपल्याच पानांत येऊं देणें हें संपादकाच्या नि:पक्षपाताचें लक्षण होय.

आमच्या मतें सिद्धान्त अद्याप सिद्ध नाहीं. पण प्रश्न टाकाऊ नाहीं. सिद्धान्त ठाऊक नसलेल्या माणसांनीं गुहांतील खुणा मूळ भिंतींवरून नव्यानें मोजाव्या, न जुळणाऱ्या ओळीही वगळूं नयेत, आणि मग मेळ पाहावा. तोंपर्यंत या खुणांना 'वाचलेल्या' न म्हणतां 'मोजलेल्या' म्हणणें इष्ट.