कमजोर पेशीचा शेजार : एका शोधनिबंधाचं रसग्रहण

शोधनिबंधाचं रसग्रहण म्हटलं की साहित्याची मंडळी हसतात आणि विज्ञानाची मंडळी संशयाने बघतात. ‘डेव्हलपमेंटल सेल’ या नियतकालिकाच्या जानेवारी २०१८ च्या अंकातला एक निबंध मात्र या दोन्ही मंडळींपुढे ठेवावासा वाटतो. पहिलं नाव अभिजित काळे यांचं, शेवटचं निकोलस बेकर यांचं. काम न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या बेकर यांच्या प्रयोगशाळेतलं. विषय एका ओळीत सांगता येतो : रायबोसोममधलं एस-१२ नावाचं एक प्रथिन आणि पेशींमधली स्पर्धा.

आधी माशीबद्दलचा गैरसमज दूर करायला हवा. नवीन जालन्यात बसून ‘फळमाशी’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला मोसंबी सडवणारी कीड आठवणार, आणि बागेत टांगलेले गंधसापळे. ती माशी वेगळी. प्रयोगशाळेतली माशी म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंगावणारं चिलट, ड्रोसोफिला. ते जेमतेम तीन मिलिमीटरचं. पण त्याच्या प्रत्येक डोळ्यात साधारण आठशे नेत्रिका असतात आणि प्रत्येक नेत्रिकेत प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी. १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माशांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. तेव्हापासून हा डोळा अनुवंशशास्त्रज्ञांच्या हिशेबाची वही झाला आहे. कोणती पेशी कोणत्या पूर्वज पेशीची, हे तिथे रंगावरून वाचता येतं.

मॉर्गन यांच्याच मंडळींना काही माशा अशाही सापडल्या की त्यांच्या अंगावरचे केस बारीक आणि आखूड, वाढ सावकाश, बाकी सगळं ठीक. त्यांना ‘मिनिट’ म्हणजे चिमुकल्या असं नाव पडलं. कारण कळायला पुढची कित्येक दशकं गेली. १९८५ मध्ये अशा एका मिनिट जनुकातून रायबोसोमचं प्रथिन तयार होतं हे सिद्ध झालं. रायबोसोम हा पेशीतला प्रथिनं घडवणारा कारखाना. त्याच्या स्वतःच्या बांधणीतच ऐंशीच्या आसपास प्रथिनं लागतात. त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली की माशी मिनिट होते.

खरं कोडं १९७५ मध्ये माद्रिदच्या खिनेस मोराता आणि पेद्रो रिपोल यांनी घातलं होतं. अख्खी माशी मिनिट असली तर ती जगते, तिला पंख फुटतात, डोळे होतात. पण निरोगी पेशींच्या मधोमध मिनिट पेशींचा ठिपका असला तर तो ठिपका नाहीसा होतो. जुन्या पद्धतीने सरकी टोबताना एका जागी दोन बिया टाकायच्या आणि उगवल्यावर विरळणी करताना मरतुकडं रोप उपटायचं, हे कपाशीच्या जालना जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. ते रोप एकटं असतं तर वाढलंही असतं. बाजूला तगडं रोप होतं म्हणून ते गेलं. फरक एवढाच की पेशींच्या शेतात उपटणारा कुणी नाही.

काळे-बेकर निबंध या टप्प्यावर सुरू होतो. तोवरची सरळ समजूत अशी : कारखाना अपुरा, म्हणून प्रथिनं कमी, म्हणून वाढ मंद, म्हणून पेशी हरते. ही साखळी इतकी पटण्यासारखी आहे की ती तपासायची गरजच वाटू नये. निबंध ती तोडतो, आणि तेही आवाज न चढवता. पहिला धक्का छोटा आहे. एस-१२ हेही रायबोसोमचंच प्रथिन, पण त्याची एक प्रत गमावलेल्या पेशींना निरोगी शेजारी हुसकावत नाहीत. इथवर वाचक म्हणेल, असेल एखादा अपवाद.

दुसरा धक्का त्या वाचकाला गप्प करतो. बेकर यांच्या गटाने पूर्वी स्पर्धेत टिकणाऱ्या पेशी शोधण्यासाठी केलेल्या चाळणीतून एस-१२ चा एक बदललेला नमुना हाती आला होता. साखळीतल्या ९७ व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल, बदल एवढाच. माशी त्यासह व्यवस्थित जगते. पण मिनिट पेशींमध्ये हा बदल असला तर त्या निरोगी शेजाऱ्यांमध्येही तग धरतात. एरवी पुसला गेला असता तो ठिपका तसाच राहतो. म्हणजे एस-१२ कारखान्याचा नुसता एक सुटा भाग नाही. पेशीला काढून टाकण्याच्या निर्णयात त्याचा हात आहे.

तिसरा प्रयोग मला या निबंधाचा कळस वाटतो. लेखकांनी निरोगी पेशी बाजूला ठेवल्या आणि मिनिट पेशी मिनिट पेशींच्याच शेजारी आणल्या. दोघी सारख्याच कमजोर, फरक फक्त एस-१२ च्या जनुकाच्या प्रतींचा. स्पर्धा झाली, आणि हरली ती जिच्याकडे एस-१२ जास्त होतं ती! कारखान्याचा भाग जास्त असलेली पेशी जिंकायला हवी होती. इथे तर्क उलटा फिरतो. रायबोसोमची कोणती तरी वीट कमी पडल्याची खबर एस-१२ पेशीला देतं. खबर जितकी मोठी, तितकी ती पेशी शेजाऱ्यांपुढे दुबळी. कविता वाचताना शेवटच्या ओळीमुळे आधीच्या ओळींचा अर्थ बदलतो, तसं या प्रयोगानंतर पहिला छोटा धक्का पुन्हा वाचावा लागतो : एस-१२ ची प्रत गमावलेल्या पेशीत खबर देणाराच कमी पडलेला असतो.

लेखकांचा संयमही दाद द्यावी असा. समारोपात ते हा खुलासा सिद्ध झाल्याचं म्हणत नाहीत, सुचवतात. शिवाय स्वतःहून कुंपण घालतात : मिक या प्रथिनाच्या कमी-अधिक प्रमाणामुळे पेशींत जी स्पर्धा होते तिला एस-१२ लागत नाही, तेव्हा स्पर्धेचे बाकी प्रकार वेगळ्या वाटेने सुरू होत असावेत. आपल्याकडच्या संशोधनलेखनात असं कुंपण क्वचित दिसतं, हे खेदाने म्हणावं लागतं.

दोषही आहे. जनुकांच्या नावांची इतकी गर्दी आहे की माशीशी ओळख नसलेला वाचक दुसऱ्याच पानावर हात टेकतो. खबर पुढे कुठे जाते, हा धागाही सुटतो. त्याचं उत्तर त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेच्या दुसऱ्या निबंधाने दिलं. खबर ‘एक्सआरपी-१’ या प्रथिनापर्यंत पोचते आणि ते प्रथिननिर्मितीला लगाम घालतं. एक्सआरपी-१ काढून टाकलं की मिनिट पेशींची प्रथिननिर्मिती बरीचशी सावरते. मिनिट पेशी मंद असते ती मुख्यतः टंचाईमुळे नव्हे. टंचाईची खबर मिळाल्यावर तिने स्वतःच घातलेल्या लगामामुळे. हे दोन निबंध एकापाठोपाठ वाचायला हवेत.

शरीराला या खटाटोपाची गरज काय, याचं उत्तर याच प्रयोगशाळेच्या २०२१ च्या कामात आहे. रायबोसोमची जनुकं जवळजवळ सगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली असतात. पेशीविभाजनात गुणसूत्राचा तुकडा हरवला तर बहुधा त्यातलं एखादं जनुक जातंच, आणि बिघडलेली पेशी त्यावरून ओळखून काढता येते. माणसातही ही प्रथिनं कमी पडण्याची किंमत मोठी असते. डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया या दुर्मीळ आजाराचं मूळ काही रुग्णांत एस-१९ या रायबोसोम प्रथिनाच्या जनुकात असल्याचं १९९९ मध्ये कळलं.

निबंधात जे दिसत नाही तेही सांगायला हवं. अशा प्रत्येक चित्रामागे संशोधक विद्यार्थ्याची कामगिरी असते : काचेच्या नळ्यांतल्या माशांचे संकर, नराशी गाठ पडण्याआधी वेचून घेतलेल्या माद्या, पिढीला लागणारे दहा दिवस, मग अळीच्या अंगातून काढलेली डोळ्याची इवली चकती. हे सगळं ‘पद्धती’ या शेवटच्या भागात कोरड्या शब्दांत दडपलेलं असतं. तो भाग गाळून वाचू नये. विशेषतः जालन्यासारख्या बियाण्यांच्या गावात, जिथे १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ ही बियाणे कंपनी उभी केली, तिथल्या वाचकाला संकर म्हणजे काय आणि त्याला किती धीर लागतो हे समजावून सांगायला नको.

निबंध हाती लागला तर आधी चित्रं बघावीत, ठिपके कुठे आहेत आणि कुठे नाहीत ते शोधावं. सारांश सगळ्यात शेवटी वाचावा.